सूर्याच्या वादळाची वही ठेवणारे नानाभाई मूस

मी इयत्ता चौथीत शिकते. आमच्या भित्तीपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला एका थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले. कोणी लोकमान्य टिळक घेतले, कोणी सावित्रीबाई घेतल्या, कोणी गाडगेबाबा घेतले. माझा नंबर शेवटी आला, तोवर सगळी मोठी नावं संपली होती. मग गुरुजींनी मला डॉ. नानाभाई मूस हे नाव दिलं. वर्गात सगळे हसले. कारण मूस म्हणजे सोनाराची मूस, जिच्यात सोनं वितळवतात. मलाही हसू आलं. पण आता मी हसत नाही. का ते वाचा.

नानाभाईंचं पूर्ण नाव नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. ते पारशी होते. त्यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजी मुंबईला झाला. ही तारीख लक्षात ठेवा, कारण तिच्यात एक गंमत आहे. त्यांचा जन्म व्हायच्या दोन महिने आधी सूर्यावर फार मोठी घटना घडली होती. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन नावाचे एक गृहस्थ दुर्बिणीतून सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होते. (सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी कधीच पाहू नये. दुर्बिणीतून तर मुळीच नाही, डोळे जातात. ते सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून पाहायचे.) तेव्हा त्यांना डागांजवळ एकाएकी लख्ख उजेड दिसला. थोड्या मिनिटांत तो विझला. मग साधारण सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर वादळ आलं.

आता तुम्ही म्हणाल, वादळ म्हणजे झाडं पडली असतील, कौलं उडाली असतील. तसं काही नाही. एक पानसुद्धा हललं नाही. हे वादळ वाऱ्याचं नव्हतं, लोहचुंबकाचं होतं. तारायंत्राच्या तारांमधून आपोआप वीज खेळू लागली, काही ठिकाणी तार पाठवणाऱ्यांना झटके बसले. एरवी उत्तर ध्रुवाकडे दिसणारा रंगीत उजेड त्या रात्री क्यूबासारख्या उष्ण देशातही दिसला. आणि आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत, टांगलेले लोहचुंबक जागचे हलले.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली काढली. आधी तिथे तारे पाहायचे आणि जहाजांसाठी वेळ पाहायची. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकशक्तीची नोंद सुरू झाली. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी तिथेच काम केलं. पुढे त्यांनी पुण्याला लोकमान्य टिळकांना गणित शिकवलं. म्हणजे ज्यांनी टिळकांचं चरित्र लिहिलं, त्यांचं आणि माझं चरित्र इथे एकमेकांना भेटतं.

त्या काळी फोटोचा कागद लावलेलं यंत्र कुलाब्याला नव्हतं. माणसं रात्रंदिवस पाळीने बसायची आणि ठरल्या वेळी आकडा वाचून वहीत लिहायची. चुंबक फार हलायला लागला की थोड्या थोड्या मिनिटांनी वाचायची. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी जो कोणी तिथे बसला होता त्याने घाबरून वही मिटली नाही. आकडा खाली खाली गेला, तसा त्याने लिहिला. पृथ्वीची आडवी चुंबकीय ओढ त्या वेळी शंभरातले साधारण चार भाग कमी झाली होती. चार भाग म्हणजे थोडे वाटतात. पण एरवीच्या वादळात शंभरातला एक भागसुद्धा हलत नाही.

आता आपले नानाभाई मोठे झाले. ते इंजिनिअरिंग शिकले. मग बोटीने स्कॉटलंडला एडिंबरो शहरात गेले आणि तिथून विज्ञानाची पदवी घेऊन आले. परत आल्यावर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी मुलांना विज्ञान शिकवलं. १८९६ साली ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. संचालक म्हणजे आपल्या शाळेत जसे मुख्याध्यापक. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि अशा जागेवर इंग्रज साहेबच बसायचे. त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय म्हणजे नानाभाई मूस. भूकंप मोजायचं यंत्रही त्यांच्याच काळात कुलाब्याला बसलं.

तोवर फोटोचा कागदही आला होता. चुंबकाला एक लहानसा आरसा लावतात. आरशावर दिव्याचा उजेड पाडतात. चुंबक केसाएवढा हलला तरी उजेडाचा ठिपका लांब सरकतो आणि फिरत्या कागदावर रेघ उमटते. शांत दिवशी रेघ सरळ, वादळाच्या दिवशी वेडीवाकडी. म्हणजे तो कागद पृथ्वीची नाडीच.

हे मला नीट कळेना, म्हणून गुरुजींनी एक प्रयोग करायला सांगितला. तो तुम्हीही करा. मी आजीची पितळेची परात घेतली. आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, हे सर्वांना ठाऊकच आहे. परातीत पाणी टाकलं. शिवायची सुई जुन्या रेडिओच्या लोहचुंबकावर एकाच बाजूने वीस-पंचवीस वेळा घासली. पिंपळाच्या वाळल्या पानावर सुई ठेवून पान पाण्यावर सोडलं. पान हळूहळू फिरलं आणि सुई उत्तर-दक्षिण होऊन थांबली. कितीही वेळा फिरवली तरी पुन्हा तशीच. मग माझा भाऊ धान कापायचा विळा घेऊन जवळ आला, तर सुई विळ्याकडे वळली. विळा नेला, सुई परत जागेवर. पितळेची परात मात्र सुईला ओढत नाही. पितळ, तांबं यांचं आणि लोहचुंबकाचं काही नातं नाही.

हा विळा लक्षात ठेवा. नानाभाईंच्या आयुष्यातलं मोठं संकट असंच आलं. पण त्यांच्याकडे विळा नाही, ट्राम आली.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम चालत होत्या. पुढे घोडे काढून विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. लोकांना आनंद झाला. कोणालाही होईल. आमच्या गावात नवीन एसटी सुरू झाली तर आम्हीही नाचू. पण विजेची ट्राम म्हणजे रुळांतून आणि जमिनीतून वीज वाहणार, आणि वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकशक्ती तयार होणार. मग कुलाब्याचा चुंबक सूर्यामुळे हलला की ट्राममुळे, हे कसं ओळखायचं? सगळी नोंद खोटी होऊन बसली असती. आजोबांपासून नातवापर्यंत माणसांनी जागून भरलेली वही पुढे निरुपयोगी झाली असती.

एक वाट म्हणजे ट्राम नको म्हणून भांडत बसायचं. दुसरी वाट म्हणजे वही बंद करायची. मूस साहेबांनी तिसरी वाट काढली. चुंबकाची वेधशाळाच समुद्रापलीकडे अलिबागला न्यायची. अलिबाग मुंबईपासून सरळ रेघेत साधारण तीस किलोमीटर आहे. तिथे ट्राम नाही, रेल्वे नाही.

पण घर कसलं बांधायचं? साधं घर चालत नाही. आपल्या घराला लोखंडी सळाखी, लोखंडी खिळे, लोखंडी कड्या असतात. आणि काही काळे दगडसुद्धा चुंबकाला थोडे ओढतात. म्हणून अलिबागच्या इमारतीसाठी चुंबकाला न ओढणारा पोरबंदरचा दगड वापरला. लोखंड वापरायचं नाही म्हणजे नाही. आमच्या शाळेत सुतारकाका आले होते, त्यांना मी विचारलं की लोखंडाशिवाय घर होतं का. त्यांनी डोकं खाजवलं आणि असं घर बांधणाऱ्याला पाहायला हवं म्हणाले. आत उष्णता कमीजास्त होऊ नये म्हणून भिंती दुहेरी ठेवल्या, कारण ऊन-थंडीनेही चुंबकात फरक पडतो.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अलिबागची वेधशाळा १९०४ साली सुरू झाली. पण मूस साहेबांनी कुलाब्याची लगेच बंद केली नाही. दोन वर्षं, १९०४ पासून १९०६ पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी नोंद चालू ठेवली. दुप्पट कष्ट. कशासाठी? जागा बदलली की आकडा थोडा बदलतो. मग जुनी वही आणि नवी वही जुळणार कशी? दोन्हीकडचे आकडे दोन वर्षं शेजारी ठेवून त्यांनी फरक काढला आणि दोन वह्या जोडल्या, जशी माझी आजी जुन्या लुगड्याला नवं लुगडं जोडून गोधडी शिवते, टाका दिसत नाही. त्यानंतर मुंबईत ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली. लोकांना ट्राम मिळाली आणि शास्त्राची वहीही वाचली. कोणाचंच नुकसान झालं नाही.

मग १९१० साली त्यांनी एक मोठा ग्रंथ छापला. त्यात १८४६ ते १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या नोंदी आणि त्यांचा अभ्यास आहे. साठ वर्षं! साठ वर्षांत तास किती होतात म्हणून मी पाटीवर गुणाकार केला. चोवीस गुणिले तीनशे पासष्ट गुणिले साठ. उत्तर आलं ५,२५,६००. लीप वर्षाचे दिवस मी धरले नाहीत. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. सगळे हिशेब माणसांनी हाताने केले.

मूस साहेबांनी पुष्कळ वादळं एकाखाली एक मांडली आणि त्यांची सरासरी काढली. तेव्हा दिसलं की ही वादळं कशीही येत नाहीत, त्यांना रीत आहे. आधी ओढ एकदम थोडी वाढते. मग काही तासांत खूप खाली जाते. मग दोन-तीन दिवसांत हळूहळू पहिल्या जागी येते. जसा ताप येतो तसं. आधी शहारा, मग ताप चढतो, मग उतरतो. पुढे इंग्लंडच्या चॅपमन नावाच्या शास्त्रज्ञाने हाच अभ्यास आणखी वाढवला.

हे असं का होतं ते आता ठाऊक झालं आहे. मूस साहेबांच्या वेळी ते पूर्ण कळलं नव्हतं. सूर्य नुसता उजेड देत नाही. तो सतत बारीक बारीक कणही फेकतो. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. कधी कधी सूर्यावर भडका होतो, तेव्हा कणांचा लोंढाच सुटतो. सर्वांत वेगवान कण तासाभराच्या आतबाहेर पृथ्वीजवळ येतात. मागून चुंबकशक्ती घेऊन येणारा मोठा ढग एक ते तीन दिवसांत येतो.

पृथ्वीची चुंबकशक्ती आपल्याला या कणांपासून वाचवते. आपल्या बांधीला जसा धुरा असतो तशी. धुरा चांगला असला तर बाहेरचं पाणी बांधीत शिरत नाही. पण धुऱ्याला जिथे तोंड असतं तिथून पाणी आत येतंच. पृथ्वीच्या धुऱ्याला दोन तोंडं आहेत, एक उत्तर ध्रुवाकडे आणि एक दक्षिण ध्रुवाकडे. तिथे चुंबकीय रेषा खाली जमिनीकडे वळतात. म्हणून कणांचा लोंढा ध्रुवांवरच्या उंच हवेत शिरतो.

तिथे तीन गोष्टी होतात. पहिली, शंभर किलोमीटर आणि त्याहून उंच हवेत हिरवा, लाल उजेड पडदे हलल्यासारखा दिसतो. दुसरी, वेगवान कण आणखी खाली येतात आणि तिथली हवा अशी होते की रेडिओच्या लघुलहरी ती गिळून टाकते. मग ध्रुवावरून जाणाऱ्या विमानांना बोलता येत नाही, त्यांना लांबच्या वाटेने जावं लागतं. तिसरी, कण आदळून हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन फुटतात आणि त्यांपासून वेगळा वायू होतो. तो वायू उंचावरचा ओझोन खातो. २००३ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोठी वादळं आली, तेव्हा ध्रुवांवरच्या उंच थरांतला ओझोन असाच कमी झालेला उपग्रहांनी मोजला.

आपल्याकडे हे कण खाली येत नाहीत, भिऊ नका. पण पृथ्वीच्या कमरेभोवती उंचावर कणांचा एक वेढा फिरू लागतो. त्या वेढ्याच्या विजेमुळे आपल्याकडची चुंबकीय ओढ कमी होते. मूस साहेबांच्या कागदावर रेघ खाली जायची ती यामुळे.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. १३ मार्च १९८९ ला अशाच वादळाने कॅनडा देशात क्वेबेक भागातली वीज गेली. साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. आपल्या गावात वीज गेली तर कोणी सूर्याचं नाव घेत नाही, पण तिथे खरंच सूर्यच कारण होता. आणि १० मे २०२४ च्या रात्री मोठं वादळ आलं तेव्हा आपल्या भारतात लडाखच्या हानले गावाहून आकाश लाल दिसलं.

मग १८५९ चं वादळ किती मोठं होतं? २००३ साली भारत, अमेरिका आणि ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या जुन्या नोंदी उघडल्या आणि त्यावरून त्याचा हिशेब केला. बाकी ठिकाणी पुष्कळशी यंत्रं मापाबाहेर गेली होती. आपल्या मुंबईची नोंद कामी आली. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी! ज्याने त्या सकाळी आकडे लिहिले त्याला काय माहीत की कोणी पुढे वाचेल. पण त्याने खरे लिहिले.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. गुरुजींनी बाबांनाही हे वाचायला बोलावलं आहे, तरी सांगते.

जून महिन्यात गुरुजींनी आम्हाला पाऊस मोजायची बाटली बसवून दिली. रोज सकाळी साडेआठला किती मिलिमीटर पाऊस झाला ते पाहून वहीत लिहायचं. ते काम माझ्याकडे होतं. रोवणीच्या दिवसांत शाळेला दोन दिवस सुट्टी होती आणि मधे रविवार आला. मी मायसोबत बांधीत पऱ्हे द्यायला गेले आणि तीन दिवस बाटली पाहिलीच नाही. सोमवारी वहीत तीन जागा रिकाम्या दिसल्या. मला भीती वाटली. मी मनानेच आकडे भरले. बारा, आठ, वीस. कोणालाच कळलं नाही. गुरुजींनी तर सुंदर अक्षर म्हणून शाबासकी दिली. ती शाबासकी माझ्या गळ्यात काट्यासारखी अडकून राहिली.

मूस साहेबांचं चरित्र लिहिताना मी दोन वर्षांच्या जोडणीपाशी आले आणि माझा पेन थांबला. एका माणसाने आकडा खरा राहावा म्हणून वेधशाळा समुद्रापलीकडे नेली, लोखंडाशिवाय घर बांधलं, दोन वर्षं दुप्पट काम केलं. आणि मी बाटलीपर्यंत चालत गेले नाही. उद्या कोणी आमची वही पाहून यंदा रोवणीला पाऊस बरा होता असं म्हणेल, तर तो फसेल. मी त्याला फसवलं असं होईल.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गुरुजींकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला रडू आलं. गुरुजी रागावले, पण थोडेच. त्यांनी लाल पेन्सिल माझ्या हातात दिली. मी तिन्ही आकड्यांवर रेघ ओढली आणि बाजूला नोंद नाही असं लिहिलं. आता ते पान दिसायला चांगलं नाही. पण खरं आहे. ती वही या भित्तीपत्रकाशेजारीच खिळ्याला टांगली आहे. ज्यांना पाहायची त्यांनी पाहावी.

मूस साहेबांनी वीस वर्षांहून जास्त काळ वेधशाळेचं काम केलं. एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद केलं होतं. १९३६ साली ते वारले. पण त्यांची वही बंद पडली नाही. अलिबागला आजही चुंबकाची नोंद होते. कुलाबा-अलिबागच्या वेधशाळेतूनच १९७१ साली भारतीय भूचुंबकत्व संस्था झाली. ती आता नवीन पनवेलला आहे. या संस्थेचे लोक दक्षिण ध्रुवाकडे अंटार्क्टिकावर आपल्या मैत्री आणि भारती या ठाण्यांवर यंत्रं ठेवून तीच नोंद करतात. म्हणजे धुऱ्याच्या तोंडापाशीच जाऊन बसले आहेत.

आणि शेवटची गंमत. आपल्या देशाने सूर्याचा अभ्यास करायला आदित्य एल-१ हे यान सोडलं, ते कोणत्या तारखेला? २ सप्टेंबर २०२३. कुलाब्याच्या वहीत ते मोठं वादळ उतरलं त्याच तारखेला, एकशे चौसष्ट वर्षांनी. हे यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर आहे आणि सूर्याकडून येणारे कण मोजतं.

आता वर्गात मूस म्हटलं की कोणी हसत नाही. सोनाराची मूस खरं सोनं आणि मळ वेगळा करते. हे मूस साहेबही तसेच. सूर्याचं खरं काय आणि ट्रामचं खोटं काय, ते त्यांनी वेगळं ठेवलं. यंदा पावसाळ्यात मी पाचवीत जाईन. बाटलीचं काम पुन्हा मलाच द्यावं असं मी गुरुजींना सांगितलं आहे. सुट्टीच्या दिवशी धाकटा भाऊ वाचेल आणि मी तपासेन. गुरुजी अजून हो म्हणाले नाहीत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, जि. भंडारा